वायसर

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कारखान्यातल्या माणसाने कॉलेजचीही चढू नये, असं आमच्या तात्या फिटरचं मत होतं.

अंधेरीच्या एमआयडीसीत मी एका लहानशा कारखान्यात होतो. तिथला एक पंप सारखा गळायचा. उद्योग आणि विद्यापीठ यांनी हातात हात घालावेत, असं आमच्या शेठनी कुठंतरी वाचलं आणि पंपाचं ड्रॉइंग व झिजलेल्या वायसरांची पुडी माझ्या हातात घालून मला एका इंजिनिअरिंग कॉलेजात धाडलं. प्राध्यापकांनी पुडी ठेवून घेतली. म्हणाले, "सहा महिन्यांनी या."

तात्यांनी इकडे दहा मिनिटांत जुनी ट्यूब कापून नवा वायसर बसवला!

सहा महिन्यांनी चाळीस पानांचा रिपोर्ट आला. त्यात वायसरला 'इलॅस्टोमेरिक सीलिंग एलिमेंट' म्हटलं होतं. "चला, वायसरचं बारसं झालं," तात्या म्हणाले. पण अडतिसाव्या पानावर लिहिलं होतं : सगळे वायसर एकाच बाजूने झिजलेत, तेव्हा शाफ्ट तिरका चालतोय, बेअरिंग बदला. बदललं. गळती थांबली. तोवर तात्यांचे अकरा वायसर खर्ची पडले होते.

तात्या बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी फेकत होतो, ते त्यांनी बघितले."

तेव्हापासून या भागीदारीची थट्टा मी जरा बेतानंच करतो. पवईच्या आयआयटीचा संसार तरी कुठं स्वतःच्या घरात सुरू झाला? १९५८ साली शंभर विद्यार्थी घेऊन ती वरळीला कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांच्या संशोधन संस्थेत, 'सास्मिरा'त, उतरली. पुढे ती पवईला गेली. मुंबईत आपणहून जागा सोडणारा बिऱ्हाडकरू विरळाच! २००४ मध्ये तिनं नव्या उद्योगांसाठी 'साइन' काढून आवारातच जागा दिली. म्हणजे बिऱ्हाडकरूच घरमालक झाला.

तिथं वाढलेल्या एका कंपनीने, आयआयटीतल्या संशोधकांच्या आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या साथीने, रक्ताच्या काही कर्करोगांवर 'नेक्सकार१९' हा उपचार आणला. २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्याच रक्तातल्या पेशी काढतात, रोगाशी लढायला तयार करतात आणि परत त्यालाच देतात.

तात्या आज असते तर म्हणाले असते, "म्हणजे आपलाच वायसर, पण फेकला नाही!"