आजीचा मोगरा

आमच्या जुन्या बिऱ्हाडाच्या परसांत, विहिरीशेजारीं, आजीनें लाविलेला मोगरा होता. आजी निवर्तल्यावर दोन वर्षांनीं तें बिऱ्हाड दसऱ्यानंतर सोडण्याचें ठरलें. भांडीं, पेट्या, देव्हारा सर्व गाडींत चढेल. पण मोगऱ्याचें काय? इतकें जुनें झाड उपटून नेल्यास जगेल असें वाटेना. “बाजारांत रोपें पुष्कळ मिळतात,” एवढेंच बोलून वडील बाहेर गेले.

आषाढ लागला होता. फांटे लावण्यास तो काळ उत्तम. ना फार कोंवळ्या ना फार जून अशा काड्यांचे वीतभर लांबीचे बारा फांटे मीं घेतले. प्रत्येकाचा खालचा काप पेराच्या लगत खालीं दिला आणि शेंड्याचीं दोन पानें ठेवून बाकीचीं काढलीं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “काप मधांत बुडीव, मुळें लवकर फुटतात.” मला तें खरें वाटेना, म्हणून सहांस मध लाविला व सहा तसेच ठेविले. मग वाळूंत थोडी माती मिसळून सर्व फांटे कुंड्यांत खोंचले आणि कुंड्या ओसरीच्या सावलींत ठेविल्या.

मुळें फुटविणारें द्रव्य झाडाच्या अंगींच असतें, हें मीं मागाहून वाचलें. शेंड्याच्या कोंवळ्या भागांत तें तयार होतें, खालीं उतरतें व कापाशीं सांचतें. त्यास ऑक्झिन म्हणतात. इ. स. १९३५ च्या सुमारास शास्त्रज्ञांनीं तशाच गुणाचीं द्रव्यें लावून फांट्यांस मुळें आणून दाखविलीं. बाजारांत मिळणारी भुकटी त्यांचीच. मध हें तसलें द्रव्य नव्हे. तो फार तर जखम कुजूं देत नाहीं.

परंतु माझा खरा शत्रु कूज नव्हे, तर माझाच उतावळेपणा! पंधरा दिवस होतांच एक फांटा उपटून पाहिला, कांहीं नाहीं. पुढें आणखी दोन उपटले. शेवटच्यास दोऱ्यासारखीं पांढरीं मुळें आलीं होतीं, तीं माझ्या हातांत तुटलीं. तिन्ही फांटे वाळले. त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं.

दोन फांटे कुजले, ते दोन्ही बिनमधाचे. काकूंना हें सांगतांच त्यांस केवढा आनंद झाला! पण दोन फांट्यांवरून निकाल देणें धाडसाचें होईल.

उरलेले सात नव्या घरीं आले. गेल्या चैत्रांत त्यांतील एकास पहिली कळी आली. मीं ती खुडावयास हात पुढें केला, तों वडील म्हणाले, “राहूं दे.” आणि ते तेथेंच, कुंडीपाशीं, बराच वेळ बसून राहिले.