बोरिवलीचें रान आणि उजेडाची किंमत

मुलुंड आणि बोरिवली हीं दोन उपनगरें एकाच डोंगराच्या दोन अंगांस वसलेलीं आहेत. मध्यें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान पसरलेलें आहे. त्यांतच विहार आणि तुळशी हे तलाव, त्यांतच कान्हेरीचीं लेणीं. पक्ष्याला हें अंतर थोड्या मिनिटांचें. आम्हां मुलुंडकरांना मात्र आगगाडीनें दादरपर्यंत दक्षिणेस उतरावें, तेथें गाडी बदलावी आणि पुन्हां उत्तरेस चढावें, तेव्हां बोरिवली येते. शाळेंतील नोकरी संपल्यापासून मीं हा द्राविडी प्राणायाम अनेकदां केला आहे. परंतु गेल्या पौषांत लागोपाठ दोन दिवस जी भटकंती घडली, तिच्यावर आमच्या घरांतील एका ठेवीचें भवितव्य अवलंबून होतें; म्हणून तिचा वृत्तान्त वाचकांपुढें ठेवितों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. धाकट्या बंधूंचा मुलगा एका कारखान्यांत अभियंता असून रविवार उजाडला कीं कॅमेरा गळ्यांत अडकवून पक्ष्यांच्या मागें जातो. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "अण्णा, मला ४०० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स घ्यावयाची आहे. अर्धे पैसे मीं सांठविले आहेत. उरलेले घरच्या ठेवींतून मिळतील का?"

किंमत विचारली, तों ती दहा लाख रुपयांच्या वर! ती ठेव गांवच्या घराच्या छपरासाठीं राखलेली. दोन पावसाळे तेथें देवघरांत पाणी ठिबकत होतें आणि गांवीं राहणाऱ्या वडील वहिनी परात मांडून वेळ निभावीत होत्या. नाहीं म्हणणें अगदीं सोपें होतें. परंतु जी वस्तु आपण पाहिलीच नाहीं तिच्याविषयीं निकाल देणें, हें चाळीस वर्षें मुलांना ‘आधीं पाहा, मग लिहा’ असें सांगणाऱ्या मास्तरास शोभलें नसतें. मीं म्हटलें, "ती वस्तु काय करते तें मला प्रत्यक्ष दाखव, मग बोलूं." अशा लेन्स दिवसाच्या भाड्यानें मिळतात. दोन दिवसांसाठीं एक आणावयाची असें ठरलें.

आदल्या रात्रीं त्यानें मला जें समजावून दिलें तें थोडक्यांत असें. दूरची वस्तु जवळ आणणारीं छायाचित्रणाचीं भिंगें कांहीं आजचीं नव्हेत. १८९१ मध्यें इंग्लंडांत डालमायर आणि जर्मनींत मीथ व स्टाइनहाइल या तिघांनीं तीं स्वतंत्रपणें सिद्ध केलीं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं झाइस कंपनीनें १८० मिलिमीटरचें एफ २.८ भिंग काढलें. लांब पल्ला आणि भरपूर उजेड यांची जोड घालण्याच्या उद्योगांतील तो एक गाजलेला टप्पा. हा ‘एफ’चा आंकडा म्हणजे साधा भागाकार आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला त्याच्या तोंडाच्या व्यासानें भागलें कीं तो निघतो. म्हणजे ४०० मिलिमीटरच्या एफ २.८ भिंगाचें तोंड सुमारें १४३ मिलिमीटरांचें, आणि त्याच लांबीच्या एफ ५.६ भिंगाचें तोंड अवघें ७१ मिलिमीटरांचें. एक कढीचा वाडगा, तर दुसरी आमटीची वाटी. व्यास दुप्पट झाला कीं क्षेत्रफळ चौपट होतें, हें आपण शाळेंत शिकलों आहोंच. म्हणून उजेडही चौपट येतो, आणि जेथें शटर एका सेकंदाचा १२५ वा भाग उघडें ठेवावें लागतें तेथें ५०० वा भाग पुरतो. अशा लेन्सला ‘फास्ट’ म्हणण्याचें कारण हेंच. वेग भिंगाचा नव्हे, तर त्यामुळें साधणाऱ्या शटरचा.

आतां या चौपट उजेडाचें मोल पाहा. एफ ५.६ ची लेन्स सव्वा किलोची मिळते. एफ २.८ ची नव्यांतली नवी घेतली तरी तीन किलोंच्या जवळ जाते आणि थोडीं जुनीं भिंगें तर चार किलोंच्या घरांत होतीं. कांचेचें मोठें भिंग निर्दोष घडविणें अवघड, म्हणून किंमतही त्याच मानानें चढते.

पहिल्या दिवशीं बोरिवलीच्या फाटकांतून आम्ही आंत शिरलों तेव्हां थंडी चांगली होती. जड लेन्स पुतण्याच्या खांद्यावर आणि त्याची जुनी हलकी लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर चढवून माझ्या गळ्यांत. बाहेर ऊन पडलें होतें, परंतु ओढ्याच्या कांठीं झाडी इतकी दाट कीं तेथें अद्याप पहांटच होती. एका डबक्यापाशीं आम्ही बसून राहिलों. अर्ध्या तासानें समोरच्या फांदीवर एक पांढरी रेघ हलली. स्वर्गीय नर्तकाचा नर! काळें मस्तक, शुभ्र अंग, आणि शेपटींतून निघालेलीं दोन लांब पांढरीं पिसें. तो क्षणभरही स्वस्थ बसेना. दोघांनींही बटणें दाबलीं.

मागाहून चित्रें शेजारीं शेजारीं धरून पाहिलीं. माझ्या चित्रांत पांढऱ्या धुराचा एक लोट दिसत होता. पक्षी आहे हें सांगावें लागलें असतें. पुतण्याच्या चित्रांत डोळ्यांतील तिळाएवढा प्रकाशबिंदु स्पष्ट होता आणि मागचें सारें रान हिरव्या पाण्यासारखें विरघळून गेलें होतें. माझ्या कॅमेऱ्याची ग्रहणशक्ति वाढवून पाहिली. हल्लींचे कॅमेरे या बाबतींत पूर्वींपेक्षां पुष्कळच सुधारले आहेत, हें खरें. तरी त्या अंधारांत चित्र वाळूसारखें कणीदार झालें. मीं मनांत म्हटलें, मुलगा उगीच हट्ट करीत नाहीं.

परंतु त्याच चित्राकडे दुसऱ्यांदां पाहिलें तेव्हां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. डोळा रेखीव होता, पण शेपटीचीं टोकें पुसट झालीं होतीं. भिंगाचें तोंड जितकें मोठें तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद. दहा मीटरांवरील पक्ष्यावर हें भिंग पूर्ण उघडून रोखलें, तर पुढचें-मागचें मिळून सुमारें दहा सेंटिमीटरच नीट उमटतात. आणि नर्तकाची शेपटी त्याहून कितीतरी लांब. ज्या गुणानें मागचें रान विरघळलें, त्याच गुणानें शेपटीही विरघळली. शिवाय परततांना तोच पक्षी अकस्मात् आमच्या डोक्यावरून, हाताच्या अंतरावरून म्हणा ना, भरारी मारून गेला. पुतण्या एकपायी दांड्यावरून ती लेन्स सोडवून वर उचलतो न उचलतो तों आकाश रिकामें झालें होतें.

तेथून सहा-सात किलोमीटरांवर कान्हेरी. दुपारीं आम्ही लेण्यांत पोंचलों. दगडांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं, ओसऱ्या, आणि त्यांच्या भिंतींवर दात्यांनीं कोरविलेले ब्राह्मी लिपींतील लेख. संस्कृत शिकलेल्या माणसाला तेथील प्राकृत अगदींच परकें वाटत नाहीं. ‘लेण’ हा शब्द तेथें येतो आणि आपलें ‘लेणें’ कोठून आलें याची खूण पटते; टांक्यासाठीं ‘पोढि’ असा शब्द भेटतो. उंचावरच्या ओळी माझ्या डोळ्यांना आतां दिसत नाहींत. म्हणून पुतण्यानें हलकी लेन्स दगडी कट्ट्यावर पिशवीच्या आधारानें टेकवून (तिपाईला येथें परवानगी काढावी लागते) शटर चांगलें अर्धा सेकंद उघडें ठेवलें. अक्षरन् अक्षर उमटलें! एवढ्या काळोखांत सव्वा किलोची लेन्स पुरी पडली, कारण शिळा हलत नाहीं. तेव्हां माझ्या लक्षांत आलें कीं उजेड कमी असणें एवढेंच कारण पुरेसें नाहीं. उजेड कमी आणि विषय चंचल, अशीं दोन्हीं एकत्र येतील तेथेंच त्या चौपट उजेडाचे पैसे वसूल होतात.

दुसऱ्या दिवशीं डोंगराची आमची बाजू. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला कीं ठाण्याच्या खाडीच्या पलीकडील तीरावर वनखात्याचें केंद्र आहे. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून तेथून नावा सुटतात. ही खाडी २०१५ मध्यें रोहित पक्ष्यांचें, म्हणजेच फ्लेमिंगोंचें, अभयारण्य म्हणून घोषित झाली, आणि २०२२ मध्यें तिची गणना रामसर करारांतील पाणथळींत झाली. चिखलावर गुलाबी शालू वाळत घातल्यासारखे थवे पसरले होते. ऊन इतकें लख्ख कीं पुतण्यानें आपण होऊनच भिंगाचें तोंड एफ ८ पर्यंत मिटून घेतलें, आणि तरीही शटर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाच्या पुढें धांवत होतें. शिवाय थव्याचें चित्र हवें तर तोंड मिटावेंच लागतें. नाहींतर एक पक्षी स्पष्ट आणि बाकीचे गुलाबी डाग. दहा लाखांची लेन्स अशी अर्धोन्मीलित नेत्रांनीं बसून राहिली. डुलत्या नावेंत तिपाईचा उपयोग नाहीं. तीन किलो हातांवर तोलतांना पुतण्याच्या दंडाला गोळे आले. दूरच्या थव्यांवर तर दोन्ही लेन्स सारख्याच हरल्या. तापलेल्या चिखलावरून वाफारे उठून पक्षी थरथरत होते, आणि मृगजळावर कोणत्याही भिंगाचा इलाज चालत नाहीं.

त्या लेन्सचा एक गुण मात्र सांगितलाच पाहिजे. तिच्यामागें एक दुप्पट करणारें लहान भिंग जोडलें तर ती ८०० मिलिमीटरची होते आणि तरीही एफ ५.६ राहते. हलक्या लेन्सला तेंच जोडलें तर एफ ११ होऊन सांवलींत तिचा उपयोग जवळ जवळ संपतो. जातिवंत वस्तूंत अशी शिल्लक असते, हें कबूल करावयास हवें.

त्या रात्रीं घरीं मीं एक चित्र काढून पुतण्यापुढें ठेवलें. तें त्यालाही ठाऊक होतें. मुंबईचे छायाचित्रकार नयन खानोलकर यांनीं याच डोंगराच्या दक्षिण पायथ्याशीं, आरे वसाहतींतील एका वारली पाड्यांत घेतलेलें. रात्रीची वेळ, घरांमधील अरुंद बोळ, आणि त्यांतून निवांत निघालेला बिबळ्या. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या २०१६ सालच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेंत शहरी विभागाचें पारितोषिक त्यास मिळालें. तें चित्र दुरून नेम धरून टिपलेलें नाहीं. बोळांत कॅमेरा मांडून ठेवलेला, दिवे असे लावलेले कीं बोळांतील नेहमींचाच उजेड वाटावा, आणि मनाजोगें चित्र मिळेपर्यंत चार महिने वाट पाहिलेली. वारली मंडळी वाघोबाला पूजतात आणि बिबळ्याच्या शेजारानें राहतात. ती वाट, ती वेळ आणि तो शेजार ज्याला कळला त्याला तें चित्र मिळालें.

मीं एवढेंच विचारलें, "गेल्या वर्षीं तूं जपून ठेवलेल्या चित्रांपैकीं किती गर्द सांवलींतलीं आहेत तें मोजशील का?" तो मोजून आला. साठांपैकीं अकरा. मग जरा थांबून म्हणाला, "पण अण्णा, माझीं सर्वांत आवडतीं त्या अकरांतच आहेत." त्याचें हें उत्तर प्रामाणिक होतें, म्हणूनच माझ्या निर्णयाला तें जड गेलें.

शेवटीं त्यानें स्वतःच्या पैशांतून ३०० मिलिमीटरची एफ ४ लेन्स घेतली. एफ २.८ च्या निम्मा उजेड, पण एफ ५.६ च्या दुप्पट. आणि दिवसभर खांद्यावर जाचत नाहीं. रानांत जावयाच्या खास दिवसांसाठीं मोठी लेन्स भाड्यानें आणावयाची असें ठरलें. छपराचें काम वैशाखांत पुरें झालें; देवघरांतील परात स्वयंपाकघरांत परत गेली.

हा निर्णय बिनतोट्याचा होता असें मात्र मी म्हणणार नाहीं. ज्येष्ठांत पहिल्या सरींनंतर बोरिवलीच्या रानांत नवरंग आल्याची वार्ता कळली. काळ्या ढगांखालीं, ओल्या पाचोळ्यावर टुणटुणणारा तो पक्षी. लेन्स हवी ती नेमकी अशाच वेळीं. परंतु भाड्याची लेन्स त्या दिवशीं दुसऱ्या कोणाकडे गेलेली होती. एफ ४ नें जें चित्र आलें तें ओळखूं येतें, इतकेंच. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. मला मात्र त्याची रुखरुख अजून आहे.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा प्रश्न उभा राहिल्यास एक विनंति करावीशी वाटते. मुलाला एकदम नकार देऊं नये आणि एकदम होकारही देऊं नये. दोन दिवस ती वस्तु भाड्यानें आणवून त्याच्याबरोबर स्वतः हिंडावें. त्याचा विषय उन्हांत असतो कीं सांवलींत, तो हलतो कीं स्थिर असतो, आणि हें ओझें त्याला किती तास वाहावयाचें आहे, हें डोळ्यांनीं पाहावें. ज्याचीं साठांपैकीं पन्नास चित्रें त्या अकरांच्या जातीचीं असतील, त्याला खुशाल ठेव मोडून द्यावी. आमच्या पुतण्याचीं पुढल्या वर्षीं किती भरतात तें मोजावयाचें आम्हीं ठरविलें आहे.