शत्रूचे गाढव

मराठी वर्गाच्या बाईंनी या अंकासाठी पालकांना 'आमचा शेजार' हा विषय दिला, तेव्हा मला थोडे हसू आले आणि थोडी लाजही वाटली. करामात आमच्याच मजल्यावर एक अंकल राहतात. त्यांच्याशी आमचे दोन वर्षे बोलणे नव्हते. आमच्या मुलाने त्यांच्या गाडीवर ओरखडा काढला, असे ते सगळ्यांदेखत नातूरला म्हणाले. मुलगा त्या दिवशी शाळेच्या सहलीला गेला होता, पण त्यांनी ऐकूनच घेतले नाही. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पुढे लिफ्टमध्ये अंकल दिसले की तो जिन्याने जाई.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. इथे सेंट मेरीज चर्चला जातो. शेख रशीद यांनी दिलेल्या जागेवर १९६७ मध्ये ते प्रथम उभे राहिले. एकदा तिथे शत्रूवर प्रेम करण्याविषयी प्रवचन झाले. परतताना मुलाने विचारले, "आई, म्हणजे मला ते अंकल आवडायला हवेत का?"

मला उत्तर सुचेना. मग आजीची गोष्ट आठवली. बायबलच्या जुन्या करारात, निर्गमाच्या पुस्तकात, एक साधा नियम आहे. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली कोलमडलेले दिसले तर तसेच पुढे जायचे नाही, हात लावायचा. (आमच्या वाडीत गाढव कोणाकडेच नव्हते, म्हणून आजी म्हैस म्हणायची!) वैरी आवडला पाहिजे असे तिथे कुठेच म्हटलेले नाही. मी मुलाला एवढेच सांगितले.

पुढे १६ एप्रिल २०२४ चा तो पाऊस आला. मुलांनो, तुम्हाला आठवत असेलच. दुसऱ्या दिवशी आम्ही खिडकीतून पाहतो तर अंकल गुडघाभर पाण्यात एकटेच गाडी ढकलत होते. खोटे कशाला सांगू, मला आधी बरेच वाटले. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, गाढव!"

मोठ्या माणसाला असे म्हणतात का, म्हणून मी रागावणारच होते. मग लक्षात आले. तो, त्याचे बाबा आणि नातूर खाली गेले. अर्ध्या तासाने गाडी कोरड्या जागी आली. अंकल 'थँक यू' म्हणाले. ओरखड्याबद्दल मात्र एक शब्द नाही.

आमचे दुखणे तसे लहानच. सिस्टर राणी मारिया या केरळच्या, मध्य प्रदेशात गरिबांसाठी काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंगने त्यांना भोसकून मारले. २००२ साली त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्जही केला आणि २००६ मध्ये तो सुटला. माझ्या बहिणीच्या बाबतीत असे झाले असते तर? त्या प्रश्नापाशी मी अजून अडते. गाडी ढकलणे त्या मानाने फार सोपे.

डोंगरावरील प्रवचनात येशूने विचारले आहे की, तुम्ही फक्त आपल्याच माणसांना नमस्कार करीत असाल तर त्यात विशेष ते काय? हल्ली मुलगा जिन्याने जात नाही. लिफ्टमध्ये अंकलना 'गुड मॉर्निंग' म्हणतो. कधी उत्तर येते, कधी ते मजल्यांचे आकडे बघत राहतात.