दहा वर्षांचा वायदा

संविधान सभेतल्या चर्चांचे खंड चाळताना मी गाजलेल्या भाषणांपेक्षा छोट्या वादांपाशीच जास्त रेंगाळतो. आकडे देवनागरी असावेत की आंतरराष्ट्रीय, यावरून १९४९च्या सप्टेंबरात सभा केवढी तापली होती! अखेर मुन्शी-अय्यंगार तोडगा निघाला: हिंदी देवनागरी लिपीत, आकडे आंतरराष्ट्रीय, आणि इंग्रजी आणखी पंधरा वर्षं. मनासारखं पुरतं कुणालाच मिळालं नाही, तरी १४ सप्टेंबरला सभेने तो स्वीकारला. पुढच्या महिन्यात ह. वि. कामतांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी सूचना मांडली. मतं मोजली गेली आणि ती ४१ विरुद्ध ६८ अशी पडली. शपथेच्या नमुन्यात मात्र दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या. ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा.

अशा तडजोडी मला मनापासून आवडतात. त्यांत कुणाच्या ताटातला घास जात नाही.

शिक्षणाचं तसं नव्हतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, असं मागितलं होतं. गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक आणलं, ते पडलं. स्वतंत्र देशाच्या संविधानाच्या मसुद्यात मात्र प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, असं वाक्य होतं. २३ नोव्हेंबर १९४८ला लक्ष्मीकांत मैत्रांनी ते गाळायला सुचवलं. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, तिथे हक्काची भाषा बसत नाही, हा त्यांचा मुद्दा. आंबेडकरांनी तो मान्य केला. पण चौदा वर्षांपर्यंत द्यायचं शिक्षण निव्वळ प्राथमिकच ठेवा, ही दुसरी सूचना त्यांनी ठामपणे नाकारली. चौदाच्या आतल्या मुलाला कारखान्यात ठेवायला आपण बंदी घालतो आहोत, मग ते मूल शाळेतच असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. हक्क गेला, चौदा वर्षं राहिली, आणि सोबत ते शिक्षण देण्याची एक मुदत राहिली: दहा वर्षं.

ती १९६० साली संपली. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अपुऱ्या राहिलेल्या कलमाचा आधार घेऊन चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हक्क ठरवलं. २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. १९५० साली सहा वर्षांची असलेली मुलगी तोवर सहासष्टची झाली होती.

फाळणीने पोळलेल्या देशाची ऐपत बेताची होती, हे मला कळतं. सभेने मुदत लिहून ठेवली, तिचा आधार पुढे न्यायालयाला मिळाला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. खुद्द आंबेडकरांनी आपल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मधला आर्थिक कार्यक्रम बाजूला राहू दिला आणि तरीही या संविधानाची पाठराखण केली. २५ नोव्हेंबर १९४९ला, सामाजिक-आर्थिक विषमता लवकरात लवकर दूर करा, असं त्यांनी बजावलंही.

म्हणून तडजोड जोखताना कोण किती मागे सरकलं एवढं पाहून भागत नाही. वाट कुणाला पाहावी लागली, हेही पाहावं लागतं. समानतेचे कितीतरी वायदे अजून फेडायचे राहिले आहेत. ज्यांनी ते लिहिले त्यांनी आपलं काम चोख केलं. फेडण्याचं काम आता आपल्याकडे आहे.