पहिला आठवडा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय तसा घरगुतीच आहे, पण यंदा ज्यांच्या घरातलं मूल कॉलेजात किंवा विद्यापीठात जाणार आहे त्यांच्या कामी येईल, म्हणून लिहिते.

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. माझ्या भाच्याचा, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलाचा फोन आला. तो कोरेगाव तालुक्यात शेती करतो. त्याच्या मुलीला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. विषय वनस्पतिशास्त्र. बी.एस्सी. तिनं तालुक्याच्याच कॉलेजात, घरून येऊन-जाऊन केली. विद्यापीठाच्या आवारात राहून शिकणारी ती त्या घरातली पहिलीच. मला वाटलं, पेढ्यांसाठी फोन आहे. तर हा म्हणतो,

"मावशी, पहिला आठवडा नुसती भाषणंच असत्यात म्हणं. हिकडं घेवड्याची भांगलण आलीया, बाया मिळंनात. पोरीला आठ दिवस मागनं धाडली तर काय बिघडंल?"

मी म्हटलं, "आधी तिला दोन दिवस माझ्याकडे पाठव. मग बोलू."

आता हा पहिला आठवडा म्हणजे काय ते सांगते. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आता नव्या विद्यार्थ्यांना आधी सगळी ओळख करून देतात. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी २०१७ मध्ये तीन आठवड्यांचा असा कार्यक्रम आखला गेला. पुढे २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या मुलांसाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. नाव मोठं छान आहे! एम.ए., एम.एस्सी.च्या विभागांतूनही असा उद्बोधन वर्ग घेतात. त्यात भाषणं असतात हे खरंच. पण ग्रंथालय कसं वापरायचं, परीक्षेचे नियम काय, शिष्यवृत्तीचे अर्ज कुठं भरायचे, अडचण आली तर कुणाला गाठायचं, हेही त्यातच सांगतात. आणि मुख्य म्हणजे मुलं एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ती तिथं.

पोरगी साताऱ्याला आली. पहिल्या दिवशी आम्ही फाईल लावली. मूळ कागद एकीकडे, झेरॉक्सचे तीन संच दुसरीकडे. गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, बँकेचं पासबुक, फोटो. रॅगिंगविरोधी हमीपत्रही होतं. २००९ च्या नियमांपासून ते विद्यार्थ्यानं आणि पालकानं, दोघांनी द्यायचं असतं. महाराष्ट्रात तर रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ पासून आहे. हमीपत्र भरताना तिला १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाईनचा नंबर वहीत लिहून ठेवायला लावला. लागू नयेच, पण जवळ असावा.

मग अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडली. क्रेडिट हा शब्द तिनं बी.एस्सी.ला ऐकलेला, पण त्याचा हिशोब कुणी समजावला नव्हता. हिशोब सोपा आहे. वर्गातले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तास. मिळवलेली क्रेडिट साठवायला २०२१ पासून राष्ट्रीय पातळीवर एक खातंही निघालं आहे, बँकेसारखंच. आणि आताच्या नियमांत एम.एस्सी.चं पहिलं वर्ष करून थांबलं तर पदव्युत्तर पदविका हाती पडते. ते ऐकून पोरीचे डोळे मोठे झाले. म्हणाली, "आज्जी, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना खरं काय ते बाहेर आलं. भांगलण हे बापाचं कारण. पोरीचं कारण वेगळंच होतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून ओळख करून द्यायची असते, ती इंग्रजीत द्यावी लागेल, असं तिला मैत्रिणीनं सांगितलेलं. खाली मान घालून म्हणाली, "आठ दिवसांनी गेले तर ते तेवढं टळेल."

मी तिला समजावत बसले नाही. माझ्या वेळची एक गोष्ट सांगितली.

१९६८ साली मी कॉलेजात गेले तेव्हा शेजारच्या गावची एक मुलगी माझ्याच बाकावर बसायची. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तेव्हा गरिबांच्या मुलांना फीमाफीची सवलत मिळायची, ई.बी.सी. म्हणायचे तिला. अर्जाची तारीख कॉलेजच्या फळ्यावर लागली आणि गेलीसुद्धा. तो फळा रोज वाचायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ऑफिसच्या खिडकीशी जाऊन विचारायची तिची छाती नव्हती. मला माझ्या थोरल्या भावानं सांगितलं होतं. तो आधी दोन वर्षं तिथंच शिकत होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. वडिलांना फी झेपली नव्हती. पुढे कळलं की लग्न झालं. आमच्या दोघींत फरक हुशारीचा नव्हता, एका थोरल्या भावाचा होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या घरातलं कुणी आधी विद्यापीठात गेलेलं आहे, त्या घरातल्या मुलांना हा पहिला आठवडा चुकला तरी चालतो. त्यांना घरातच सगळं कळतं. ज्या पोरांना घरात सांगणारं कुणी नाही, खरं तर त्यांच्यासाठीच हा आठवडा असतो. आणि नेमकी तीच पोरं तो चुकवतात! कुणी शेतीच्या कामापायी, कुणी खोली मिळाली नाही म्हणून, कुणी नुसत्या भीतीनं.

दुपारी आम्ही ओळखीची तालीम केली. तिनं पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवलं. दुसऱ्या वाक्याला अडखळली. मी म्हटलं, "ते राहू दे. तू मला मराठीत सांग, तुला झाडांचा नाद कसा लागला?" तर पोरगी बोलायलाच लागली. आमच्याकडचा वाघ्या घेवडा, त्याच्या दाण्यावरचे वाघासारखे पट्टे, २०१६ मध्ये त्याला मिळालेलं भौगोलिक मानांकन, आणि बी.एस्सी.ला त्याचंच शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस म्हणून पुस्तकात भेटलं तेव्हा झालेला आनंद. पाच मिनिटं एकदाही अडली नाही. मी म्हटलं, हीच तुझी ओळख. चार वाक्यं इंग्रजीत जमली तर इंग्रजीत सांग, नाही तर मराठीत. कोल्हापूरच आहे ते, लंडन नव्हे!

मग तिला नव्या वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहायला लावले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर कधीपर्यंत भरायचा? वसतिगृहाच्या भत्त्याची योजना आमच्या अभ्यासक्रमाला लागू आहे का? 'कमवा आणि शिका'त नाव कुठं द्यायचं? ग्रंथालयातून एका वेळी किती पुस्तकं मिळतात? हजेरी कमी भरली तर काय? असे अकरा प्रश्न झाले. अट एकच घातली. आठवड्यात निदान एक प्रश्न सगळ्यांसमोर उभं राहून विचारायचा. बाकीचे खिडकीशी विचारलेस तरी चालतील.

संध्याकाळी भाचा तिला न्यायला आला. चहा झाल्यावर मी विचारलं, "काय रे, घेवडा पेरतोस तो वाफसा बघूनच ना?"

"व्हय की."

"वाफसा गेल्यावर आठ दिवसांनी पेरलास तर?"

हसायला लागला. म्हणाला, "कळलं मावशी. शिकवायचं काय सोडत न्हाईस तू." भांगलणीला त्यानं जास्त मजुरी देऊन लांबच्या गावच्या दोन बाया आणल्या. पैसे गेलेच, आणि ते त्यानं मला दोनदा ऐकवलंही! ऐकवू दे. त्याचं खरंच नुकसान झालं होतं, आणि ते सोसून त्यानं पोरीला वेळेवर धाडली.

मलाही एका गोष्टीची गंमत वाटते. माझ्या बी.ए.च्या पदवीवर शिवाजी विद्यापीठाचंच नाव आहे. विद्यापीठ १९६२ चं, पदवी १९७१ ची, आणि ती घरी आली टपालानं. साताऱ्याहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण विद्यापीठाच्या फाटकात मी शिकत असताना कधी गेलेच नाही. संलग्न कॉलेजातल्या आम्हा मुलींना विद्यापीठ म्हणजे गुणपत्रकावरचा शिक्का.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी तिचा फोन आला. ओळख अर्धी इंग्रजीत, अर्धी मराठीत झाली. प्रश्न विचारला तो शिष्यवृत्तीच्या तारखेचा. विचारताना पाय कापत होते म्हणाली. पण बाहेर आल्यावर दोघी मुली तिच्याकडे आल्या. त्यांनाही तेच विचारायचं होतं, धीर होत नव्हता. आता तिघी एकत्र जेवायला जातात. बाकीच्या दहा प्रश्नांपैकी सहांची उत्तरं मिळाली होती, चार राहिले होते. मी म्हटलं, सोमवारी खिडकीशी जा.

तर मंडळी, तुमच्या घरातून यंदा कुणी जाणार असेल तर बॅग, गादी, डबा हे सगळं बघाच, पण एक वही द्या आणि तिचं पहिलं पान घरीच भरून घ्या. शेतात काम असो, घरात लग्न असो, पहिला आठवडा चुकवू देऊ नका. आणि गावाकडचं कुणाचं पोर दारावरून जाताना दिसलं, घरात सांगणारं कुणी नाही असं, तर त्याला आत बोलावून चहा द्या आणि आपल्याला ठाऊक असेल तेवढं सांगा. त्याचा थोरला भाऊ व्हायला नातंच लागतं असं थोडंच आहे!