उरलेले १६७ तास

दोस्तांनो, आधी एक सोपे गणित. आठवड्याचे तास किती? चोवीस गुणिले सात, म्हणजे १६८. त्यातला एक तास तुम्ही गिटारच्या क्लासला जाता. उरले १६७. त्यातून झोप, शाळा, गृहपाठ, जेवणखाण, खेळ आणि मोबाइल वजा करा. तरीही थोडे तास हाताशी राहतातच. गिटार हातात बसते ती या उरलेल्या तासांत. क्लासमध्ये ती नुसती दाखवली जाते.

मी गेली पंधरा वर्षे संध्याकाळी मुलांना गिटार शिकवते. मुले मला ताई म्हणतात. दर वर्षी जूनमध्ये नवी मुले येतात, खांद्यावर नवी कोरी गिटार, डोळ्यांत चमक. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात त्यांतली काही गळू लागतात. आधी एक शनिवार बुडतो, मग दोन. मग आईचा फोन येतो, "ताई, बहुतेक तिला गोडीच नाही हो."

गोडी नाही, हातात कला नाही, हे शब्द आपण मोठी माणसे फार लवकर उच्चारतो. बारा वर्षांच्या मुलीच्या कानावर ते एकदा पडले की तिलाही ते खरे वाटू लागतात. माझा अनुभव मात्र असा, की बहुतेक वेळा खोट गोडीत नसतेच. ती एखाद्या बोटात असते!

सातवीतल्या एका मुलीचेच सांगते. नाव सांगत नाही, कारण ती हा अंक वाचते. तिला दोनच कॉर्डचे एक गाणे दिले होते. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेल्या तीन किंवा जास्त सुरांचा गुच्छ. तिच्या गाण्यात 'सी' आणि 'जी' या दोन कॉर्ड होत्या. दोन महिने झाले, गाणे काही पुढे सरकेना. क्लासमध्ये ती एका जागी अडली की हात मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "ताई, येत नाही." काय येत नाही? "गाणं." वडिलांनी घरी जाहीर करून टाकले होते, "मे महिन्यापर्यंत बघू, नाहीतर गिटार मावसभावाला देऊन टाकू. पुढच्या वर्षी आठवी आहे."

बरं, मुलगी आळशी म्हणावी तर तेही नाही. रोज अर्धा तास बसायची. पण कशी? गाणे पहिल्यापासून सुरू करायचे, 'सी'वरून 'जी'वर जाताना अडखळायचे, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी स्वयंपाकघरातून तिची आजीच म्हणाली, "अगं, तू रोज त्याच उंबऱ्याला ठेचकाळतेस आणि पुन्हा फाटकापासून चालत येतेस. उंबरा ओलांडायचाच सराव कर की!"

आजींना गिटारमधले काही कळत नाही. पण सरावाबद्दल याहून नेमके मी तरी काही ऐकलेले नाही.

हिशेबच करून बघा ना. गाणे तीन मिनिटांचे आहे आणि अवघड जागा एकच आहे असे धरू. वीस मिनिटांत गाणे सहा-सात वेळा वाजेल. म्हणजे अवघड जागा हाताखालून जाणार सहा-सात वेळा. आता तेवढीच जागा वेगळी काढा. चार सेकंदांना एकदा म्हटले, तरी पाच मिनिटांत ती पंचाहत्तर वेळा होते! उरलेल्या पंधरा मिनिटांत खुशाल गाणे वाजवा.

पण हे पंचाहत्तर वेळा सावकाश व्हायला हवे. किती सावकाश? भिंतीवरचे घड्याळ सेकंदाला एक टिकटिक करत असेल, तर एका मिनिटाला साठ ठोके झाले. फुकटचा मेट्रोनोमच तो! चार ठोके 'सी'वर थांबा, पुढचे चार 'जी'वर. बोटे वेळेवर पोचत नसतील तर आठ-आठ ठोके घ्या, त्यात लाज कसली? हाताला बरोबर आणि चूक यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त सवय कळते. घाईघाईत शंभरदा चुकीचे वाजवले, तर हात तेच मन लावून शिकतो. खरा मेट्रोनोम म्हणजे ठोके देणारे यंत्र. त्याचे पेटंट योहान मेल्त्सेल याने १८१५ साली घेतले. आता तो मोबाइलवर फुकट मिळतो. तबला शिकणाऱ्या मित्राला विचारा, तोही एखादा कायदा आधी ठाय लयीत पक्का करतो आणि मगच दुगुण करतो. वाद्य वेगळे, रियाज तोच.

रोज थोडे की रविवारी एकदम दोन तास? रोज थोडे. हे मास्तरकीचे पालुपद नव्हे. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले होते. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करायचा आणि किती लक्षात राहते ते मोजायचा. एका बैठकीत घोकण्यापेक्षा तीच घोकंपट्टी काही दिवसांत विभागून केली तर कमी कष्टांत पाठ होते, असे त्याला आढळले. ही १८८५ सालची गोष्ट! पुढे बोटांच्या हालचालींवरही प्रयोग झाले. सराव करून रात्री झोप घेतली, की सकाळी बोटे आदल्या दिवसापेक्षा सफाईने चालतात, असे त्यांत दिसले. म्हणजे तुम्ही झोपता तेव्हा मेंदू तुमचा गृहपाठ करत असतो. रविवारच्या दोन तासांना अशी एकच रात्र मिळते. रोजच्या वीस मिनिटांना सात मिळतात.

बोटे दुखतात, ही पहिल्या महिन्यातली ठरलेली तक्रार. दुखतातच. पोलादी तार कोवळ्या कातडीत रुतते. काही आठवड्यांत टोकांना घट्टे पडतात आणि दुखणे थांबते. तोवर दहा-दहा मिनिटे दोनदा बसा. आणखी एक गोष्ट तपासा. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बोट फ्रेटच्या अगदी लगत मागे टेकवले, तर थोड्या जोरातही सूर स्वच्छ येतो. लांब टेकवले तर कितीही दाबा, तार भुणभुणते. कितीतरी मुले ताकद वाढवत बसतात, तेव्हा बोट अर्धा सेंटिमीटर सरकवायची गरज असते!

आणि हो, गिटार पिशवीत घालून कपाटावर ठेवू नका. पिशवीची चेन उघडायचा कंटाळा हा रियाजाचा मोठा शत्रू आहे. समोर दिसेल अशी ठेवा, फक्त उन्हात आणि स्वयंपाकघराच्या वाफेत नको. पावसाळ्यात वाजवून झाले की कोरड्या फडक्याने तारा पुसा, नाहीतर गंज चढतो. बसल्या बसल्या आधी तारा सुरात लावा. मोबाइलवर ट्यूनर आहेच, पण कानानेही लावायला शिका. जाड तार पाचव्या फ्रेटवर दाबली, की तिच्या शेजारच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. असेच पुढे पुढे जायचे. फक्त तिसरी तार चौथ्या फ्रेटवर दाबायची.

आता थोडे आईबाबांशी. पालकहो, चांगला सराव ऐकायला चांगला नसतो. पलीकडच्या खोलीतून वीस मिनिटे तेच तेच अडखळणे ऐकू येत असेल, तर समजा की काम चालू आहे. "सारखं तेच काय, एखादं गाणं वाजव की!" असे म्हणालात, की मूल अवघड जागा सोडून येणाऱ्या ओळीकडे पळते. पाहुण्यांपुढे वाजवायला लावणेही थोडे आवरते घ्या. रियाज म्हटला की तो पेटी-तबल्याचाच, गिटार म्हणजे नुसती मौज, असे काही जणांना वाटते. त्यांनी १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' जरूर ऐकावी. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि त्यांच्या जोडीला ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तीही राग वाजवणारी.

तर आपल्या मुलीकडे येऊ. आजींचे ऐकून तिने एक वही केली. घड्याळ लावायचे आणि एका मिनिटात 'सी'वरून 'जी'वर स्वच्छ बदल किती होतात ते मोजायचे. सोमवारी सात झाले. बुधवारी नऊ. शुक्रवारीही नऊच. मग तिने मोबाइलवर डाव्या हाताचे चित्रण करून पाहिले. वाजवताना आपण इतके गुंतलेलो असतो, की स्वतःकडे लक्षच जात नाही. नंतर पाहिले-ऐकले की सगळे उघडे पडते.

शनिवारी ती आली ती दारातूनच बोलत. "ताई, बाकीची बोटं पोचतात. अनामिका उशिरा येते."

हे वाक्य ऐकायला मी दोन महिने थांबले होते. 'गाणं येत नाही' याला माझ्याकडे औषध नाही. 'अनामिका उशिरा येते' याला आहे.

त्याचे असे आहे. गिटारच्या तारा उलट्या मोजतात बरं का, सगळ्यांत बारीक ती पहिली आणि सगळ्यांत जाड ती सहावी. 'सी' धरताना अनामिका पाचव्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटवर असते. मी मुलांना 'जी' आधी ज्या पद्धतीने शिकवते, तीत याच अनामिकेला चार तारा ओलांडून पार पहिल्या तारेवर जावे लागते. करंगळी सुरुवातीला दुबळी असते म्हणून ही पद्धत. बऱ्याच जणांना ती जमते. हिची बोटे आखूड, त्यामुळे उडी लांब पडत होती.

तेव्हा 'जी' धरायची दुसरी पद्धत दाखवली. अनामिका पाचव्या तारेवरून शेजारच्या सहाव्या तारेवर, फ्रेट तोच. मधले बोट चौथ्या तारेवरून पाचव्या तारेवर, फ्रेट तोच. तर्जनी नुसती उचलायची. आणि रिकाम्या करंगळीने पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट धरायचा. झाले! चार तारांची उडी होती, तिथे एक पाऊल उरले. तिने तीन-चारदा करून पाहिले आणि माझ्याकडे असे काही बघितले, की जणू मी हे मुद्दामच लपवून ठेवले होते!

मे महिना आला आणि गेला. गिटार मावसभावाकडे गेली नाही. वहीत आता मिनिटाला अठ्ठावीस बदल लिहिलेले आहेत, आणि त्याखाली पुढच्या शनिवारसाठी एक ओळ: "करंगळी आडवी पडते, पहिली तार मुकी राहते. का?"