पाथरवटांचा संप

लंडनच्या पार्लमेंटगृहाचे एक जुने चित्र माझ्या अभ्यासिकेत पुष्कळ वर्षे टांगलेले आहे. इतिहास शिकविताना मी ते वर्गात नेई आणि मोठ्या ऐटीत म्हणे, "ही बॅरीची निर्मिती!" एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण सर, दगड कोणी घडविले?" "अर्थात पाथरवटांनी!" मी उत्तरलो. वर्ग हसला, मीही हसलो. त्या हसण्याची शरम मला पुढे वाटली.

जुने पार्लमेंटगृह १८३४ साली जळाले. नव्यासाठी यॉर्कशायरमधील ॲन्स्टनच्या खाणीचा दगड आणीत. तो घडविणाऱ्या कारागिरांचा संघ त्याच दशकात स्थापन झालेला होता. १३ सप्टेंबर १८४१ रोजी त्यांनी टाक्या खाली ठेविल्या. मजुरी वाढवा, असे त्यांचे मागणे नव्हतेच! जॉर्ज ॲलन नावाच्या मुकादमाची शिवीगाळ व जाच त्यांना असह्य झाला होता. त्याला दूर करा, एवढेच ते म्हणत होते. पोटासाठी भांडणारा मजूर आपल्याला समजतो. मानासाठी पोटावर पाय देणारा मजूर मात्र आपण सुशिक्षितांनी अजून नीटसा ओळखलेला नाही. नेल्सनच्या स्तंभाचे काम त्याच कंत्राटदारांकडे होते. तेथील पाथरवटांनीही काम सोडले. वुलिचच्या गोदीतलेही त्यांना मिळाले. कंत्राटदारांनी बाहेरून माणसे आणविली. कित्येक महिने झुंजून संप फसला, आणि ॲलन आपल्या जागी राहिला.

याच संघातून पुढे हेन्री ब्रॉडहर्स्ट निघाला. तरुणपणी त्याने वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर पाथरवटाचे काम केले होते. १८८० साली तो त्याच वास्तूत सभासद म्हणून जाऊन बसला, आणि १८८६ साली गृहखात्याचा उपमंत्री झाला. (आठ तासांच्या दिवसाचा कायदा करण्यास मात्र या गृहस्थाने विरोध केला! गादीचा गुण म्हणावा, की स्वतःच्या संघबळावर आयुष्य काढलेल्या कारागिराचा हट्ट? मला दुसरे अधिक खरे वाटते.)

संघ १९२१ साली गवंड्यांच्या संघांत विलीन झाला. ॲन्स्टनचा दगड तर लंडनच्या धुराने त्याच्याही पुष्कळ आधी झिजू लागला होता. चित्र मी अजून वर्गात नेतो. बॅरीचे नाव सांगतो, ब्रॉडहर्स्टचे सांगतो, आणि ॲलनचेही.